एक्स्टेन्शन्सचे सिंक: यादी वेगळी, सेटिंग वेगळी

ब्राउझरमधले एक्स्टेन्शन एका संगणकावरून दुसऱ्यावर ‘सिंक’ होते, तेव्हा ते एक्स्टेन्शन स्वतः कुठेच जात नाही. जाते ती त्याची नोंद. घरच्या डेस्कटॉपवर क्रोममध्ये मराठी टंकनासाठी ‘गूगल इनपुट टूल्स’ टाकले आणि त्याच अकाउंटने लॅपटॉपवर सिंक चालू केले, की लॅपटॉपवरचा क्रोम सर्व्हरवरची यादी वाचतो. तिच्यात एक नवी नोंद दिसली, की तो वेब स्टोअरकडे जाऊन त्या एक्स्टेन्शनची ताजी आवृत्ती स्वतःच उतरवून घेतो. डेस्कटॉपवरची फाइल जिथल्या तिथे राहते. बदलीच्या गावी सामान ट्रकमध्ये भरून नेण्याऐवजी तिथल्या दुकानदाराकडे यादी पाठवावी आणि त्याने सगळे नवे कोरे घरी पोचवावे, तसा हा व्यवहार आहे. कपाट येते, पण जुन्या कपाटात लावून ठेवलेले कपडे त्याच्याबरोबर येत नाहीत.

सिंकविषयीचे बहुतेक गैरसमज या एका गोष्टीतून निघतात. नव्या लॅपटॉपवर सगळी एक्स्टेन्शन्स आपोआप उगवलेली पाहून वापरणाऱ्याला वाटते, की सगळे आले. आठवड्याभराने लक्षात येते, की जाहिराती अडवणाऱ्या एक्स्टेन्शनमध्ये लिहिलेले स्वतःचे नियम नाहीत आणि नोंदवहीच्या एक्स्टेन्शनमधली टिपणे कोरी आहेत. यादीचा रस्ता वेगळा आहे, सेटिंगचा वेगळा आहे, आणि एक्स्टेन्शनने साठवलेल्या मजकुराला तर कित्येकदा रस्ताच नसतो.

एक्स्टेन्शनची कल्पना सिंकपेक्षा जुनी आहे. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्स १.० आला तो एक्स्टेन्शन्सची सोय घेऊनच. दुसऱ्या संगणकावर तीच मांडणी हवी असेल तर ‘प्रोफाइल’ नावाचा अख्खा फोल्डर उचलून न्यावा लागे. गूगलने २००६ मध्ये फायरफॉक्ससाठी ‘गूगल ब्राउझर सिंक’ काढले. बुकमार्क, पासवर्ड, कुकी, इतिहास अशा गोष्टी त्यातून फिरत. ते २००८ मध्ये बंद झाले. दरम्यान मोझिलाच्या प्रयोगशाळेने डिसेंबर २००७ मध्ये ‘वीव्ह’ हा प्रकल्प जाहीर केला होता. त्याचेच पुढे ‘फायरफॉक्स सिंक’ झाले आणि मार्च २०११ च्या फायरफॉक्स ४ मध्ये ते ब्राउझरचाच भाग बनले. तरीही त्यात एक्स्टेन्शन्स नव्हती. ती आली मार्च २०१२ मध्ये, फायरफॉक्स ११ बरोबर. क्रोमने हे त्याआधीच सुरू केले होते.

बुकमार्कांनंतर एक्स्टेन्शन्सना वेळ लागावा, हे समजण्यासारखे आहे. बुकमार्क म्हणजे एक ओळ. ती चुकली तर फार तर चुकीचे पान उघडेल. एक्स्टेन्शन हा चालणारा प्रोग्रॅम असतो आणि परवानगी दिली असेल तर उघडलेल्या प्रत्येक पानावरचा मजकूर तो वाचू शकतो, बदलूही शकतो. सर्व्हरवरच्या यादीत कोणी एक नोंद घुसडली, तर परक्याचा प्रोग्रॅम आपल्या संगणकावर आपोआप बसेल. म्हणून फायरफॉक्स सिंकमधून फक्त मोझिलाच्या अधिकृत ऍड-ऑन संकेतस्थळावरचीच एक्स्टेन्शन्स घेतो. फाइलवरून हाताने बसवलेले एक्स्टेन्शन त्याच संगणकापुरते राहते. क्रोममध्येही डेव्हलपर मोड चालू करून फोल्डरमधून चढवलेले एक्स्टेन्शन सिंक होत नाही. ही बंधने अडचणीची वाटतात, पण ती नसती तर सिंक चालू ठेवणे धोक्याचे झाले असते.

नोंदीत काय असते

यादीत नाव लिहून भागत नाही. एकाच नावाची दहा एक्स्टेन्शन्स दुकानात असू शकतात, आणि लोकप्रिय एक्स्टेन्शनच्या नकला तर नेहमीच असतात. म्हणून प्रत्येकाला एक कायमचा ओळखक्रमांक असतो. क्रोममध्ये तो ३२ अक्षरांचा असतो आणि त्यात इंग्रजी ए ते पी एवढीच १६ अक्षरे येतात. एक्स्टेन्शनच्या सार्वजनिक किल्लीचा हॅश काढून त्याचे पहिले १२८ बिट घेतात, ते षोडशमान पद्धतीने लिहितात आणि शून्य ते एफ या १६ चिन्हांच्या जागी ए ते पी ही अक्षरे घालतात. निव्वळ आकड्यांचा क्रमांक तयार झाला तर तो आयपी पत्ता समजला जाण्याची भीती होती. त्यावरचा हा साधा आणि नेटका उपाय. फायरफॉक्समध्ये हा क्रमांक एक्स्टेन्शनची ओळख सांगणाऱ्या मॅनिफेस्ट फाइलमध्ये लिहिलेला असतो आणि पुष्कळदा तो ई-मेलच्या पत्त्यासारखा दिसतो.

क्रमांकाबरोबर आणखी थोडी माहिती जाते. क्रोमच्या नोंदीत एक्स्टेन्शनची आवृत्ती, ताजी आवृत्ती कुठून घ्यायची तो पत्ता, ते चालू आहे की बंद, आणि इन्कॉग्निटो खिडकीत त्याला मुभा आहे का, हे असते. फायरफॉक्सच्या नोंदीत ओळखक्रमांक, चालू-बंद स्थिती, एक्स्टेन्शन कुठून आले आणि ते कोणत्या ऍप्लिकेशनसाठी आहे, एवढे असते. आवृत्तीचा उल्लेख असला तरी ती बांधील नसते: दुसऱ्या संगणकावर दुकानात त्या क्षणी असलेली नवी आवृत्तीच बसते. जुनी आवृत्ती आवडते म्हणून ती धरून ठेवणाऱ्याला सिंकचा उपयोग नाही.

चालू-बंद स्थितीही सिंक होते, हे अनेकांना अनपेक्षित असते. ऑफिसात संथ चालणारे एक्स्टेन्शन तात्पुरते बंद केले, की घरीही ते बंद झालेले आढळते. फायरफॉक्समध्ये अबाउट-कॉन्फिग या आतल्या पानावरची एक सेटिंग बदलून प्रत्येक संगणकाची चालू-बंद स्थिती स्वतंत्र ठेवता येते. क्रोममध्ये अशी सोय हवी असेल तर निराळे प्रोफाइल करणे हाच व्यवहार्य मार्ग.

दुकानातून काढून टाकलेल्या एक्स्टेन्शनचे काय होते, तेही इथेच सांगायला हवे. जुन्या संगणकावर ते कधीकधी तसेच राहते. नव्या संगणकाला मात्र यादीतला क्रमांक वाचून दुकानात काहीच सापडत नाही. कोणतीही सूचना न येता ते एक्स्टेन्शन नव्या ठिकाणी गैरहजर असते. क्रोमने मॅनिफेस्टच्या दुसऱ्या आवृत्तीवर चालणारी एक्स्टेन्शन्स २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद केली, तेव्हा जाहिराती अडवणारे ‘यूब्लॉक ओरिजिन’ वापरणाऱ्यांना हा अनुभव आला. त्याच्या जागी आलेले ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ हे वेगळ्या क्रमांकाचे वेगळे एक्स्टेन्शन आहे. सिंक आपणहून एकाच्या जागी दुसरे बसवत नाही.

काढून टाकणे हे घालण्यापेक्षा अवघड

दोन याद्यांची तुलना करताना खरा पेच कशात असतो, ते एका उदाहरणाने दिसते. लॅपटॉपच्या यादीत एक एक्स्टेन्शन आहे, सर्व्हरच्या यादीत नाही. याचे दोन अर्थ निघतात. ते लॅपटॉपवर नुकतेच बसवले असेल आणि सर्व्हरला अजून कळवायचे असेल. किंवा ते डेस्कटॉपवरून काढून टाकले असेल आणि लॅपटॉपला अजून कळायचे असेल. पहिल्या अर्थी ते सगळीकडे बसवायला हवे, दुसऱ्या अर्थी सगळीकडून काढायला हवे. नुसत्या ‘नाही’वरून यातले काहीच ठरत नाही.

म्हणून काढून टाकलेल्या वस्तूची नोंद पुसत नाहीत. ‘ही वस्तू काढली आहे’ अशी खूण तिच्या जागी ठेवतात. संगणकशास्त्रात या खुणेला ‘टूमस्टोन’, म्हणजे थडग्यावरचा दगड म्हणतात. महिनाभर बंद असलेला लॅपटॉप उघडला, की त्याला ही खूण दिसते आणि तोही ते एक्स्टेन्शन काढतो.

याचा एक परिणाम वापरणाऱ्याने मनावर कोरून ठेवावा इतका गंभीर आहे. एक्स्टेन्शन नीट चालेनासे झाले, की ते काढून पुन्हा बसवून पाहणे हा सर्वांच्या अंगवळणी पडलेला उपाय आहे. पण एक्स्टेन्शन काढले, की त्याने त्या संगणकावर ठेवलेला साठाही पुसला जातो. सिंक चालू असेल तर काढल्याची खूण बाकीच्या संगणकांवर पोचते आणि तिथले एक्स्टेन्शनही आपल्या साठ्यासकट जाते. थोड्या वेळाने ते सगळीकडे पुन्हा बसते, पण रिकामे. दुरुस्ती एका संगणकाची करायची असते आणि नुकसान सगळ्यांचे होते. अशा वेळी आधी त्या संगणकापुरते सिंक थांबवावे, मग हात घालावा.

पहिल्यांदा सिंक चालू करतानाचा नियम याच्या उलट आहे. तेव्हा कोणाचे काय काढले, याची खूण कुठेच नसते. म्हणून दोन्ही याद्यांची बेरीज होते. जुन्या संगणकावर वर्षानुवर्षे साचलेली, नावही विसरलेली एक्स्टेन्शन्स अशा वेळी नव्या संगणकावर दाखल होतात. सिंक चालू करण्याआधी जुन्या संगणकाची झाडलोट करणे केव्हाही शहाणपणाचे.

सेटिंग्जचा रस्ता

यादीचे काम ब्राउझर स्वतः करतो. सेटिंग मात्र एक्स्टेन्शन लिहिणाऱ्याच्या हातात असते. क्रोममध्ये २०१२ पासून आणि फायरफॉक्समध्ये एप्रिल २०१७ च्या ५३ व्या आवृत्तीपासून एक्स्टेन्शनला दोन कप्पे उपलब्ध आहेत. ‘स्टोअरेज डॉट लोकल’ या कप्प्यात ठेवलेले त्याच संगणकावर राहते. ‘स्टोअरेज डॉट सिंक’ या कप्प्यात ठेवलेले अकाउंटमार्फत बाकीच्या संगणकांवर पोचते. कोणती गोष्ट कुठे ठेवायची, हे प्रोग्रॅम लिहिणारा ठरवतो, आणि वापरणाऱ्याला तो निर्णय सहसा दिसतही नाही. एखाद्या एक्स्टेन्शनची सेटिंग्ज येतात आणि दुसऱ्याची येत नाहीत, याचा दोष म्हणूनच बहुतेक वेळा ब्राउझरकडे नसतो.

मग सगळेच एक्स्टेन्शन-लेखक सिंकचा कप्पा का वापरत नाहीत? कारण तो फार लहान आहे. एका एक्स्टेन्शनला त्यात एकूण १,०२,४०० बाइट, म्हणजे १०० किलोबाइट जागा मिळते. मोबाइलने काढलेला एक फोटो याच्या कितीतरी पट असतो. शिवाय एका नोंदीला ८,१९२ बाइटची मर्यादा आहे आणि नोंदी ५१२ पेक्षा जास्त ठेवता येत नाहीत. क्रोममध्ये लिहिण्यावरही बंधन आहे: मिनिटाला १२० आणि तासाला १,८०० वेळा. फायरफॉक्सने जुलै २०२० च्या ७९ व्या आवृत्तीपासून जागेच्या या मर्यादा काटेकोरपणे लावल्या.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी ही जागा आणखी अपुरी पडते. यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला तीन. काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हे धरली जातात. ‘की’ या एका अक्षराला सहा बाइट लागतात. म्हणजे एका नोंदीत इंग्रजीची आठ हजारांवर अक्षरे मावतात, तिथे मराठीची सुमारे २,७०० चिन्हे मावतील. मराठी टिपणे ठेवणारे किंवा वारंवार लागणारा मजकूर साठवणारे एक्स्टेन्शन तयार करणाऱ्याने हा हिशेब आधीच मांडायला हवा.

मर्यादेखेरीज दुसरा प्रश्न तंट्याचा. दोन संगणकांवर एकाच वेळी सेटिंग बदलली, तर कोणती खरी मानायची? निर्णय नोंदीगणिक होतो: एका नोंदीची एकच किंमत टिकते, दुसरी जाते. समजा, नको असलेल्या संकेतस्थळांची संपूर्ण यादी लेखकाने एकाच नोंदीत ठेवली आहे. घरी एक नाव वाढवले, त्याच सुमारास ऑफिसात दुसरे वाढवले, तर दोन याद्यांपैकी एकच उरेल आणि एक नाव गुपचूप गळेल. प्रत्येक संकेतस्थळाची नोंद स्वतंत्र ठेवली असती, तर दोन्ही टिकली असती. एक्स्टेन्शनची गुणवत्ता अशा न दिसणाऱ्या निर्णयांत असते.

चांगले लेखक या अडचणींतून आपापली वाट काढतात. ‘यूब्लॉक ओरिजिन’मध्ये क्लाउड साठ्याची सोय मुद्दाम चालू करावी लागते, आणि तीही आपोआप चालत नाही: एका संगणकावर ‘पाठवा’ म्हणायचे, दुसऱ्यावर ‘घ्या’ म्हणायचे. हे जुन्या वळणाचे वाटेल, पण तंट्याचा प्रश्न यात उद्भवतच नाही, कारण निर्णय माणूस घेतो. संकेतस्थळांवर छोट्या स्क्रिप्ट्स चालवणारे ‘टॅम्परमंकी’ त्या स्क्रिप्ट्स गूगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, वनड्राइव्ह किंवा वेबडॅव्हमार्फत नेते. पाने गडद करणारे ‘डार्क रीडर’ ब्राउझरचाच सिंक कप्पा वापरते आणि तो हवा की नको, हे विचारते. पासवर्ड सांभाळणाऱ्या ‘बिटवॉर्डन’चा स्वतंत्र सर्व्हर असल्यामुळे ब्राउझरचे सिंक बंद असले तरी त्याचे काही अडत नाही. नव्या संगणकावर लॉगिन मात्र नव्याने करावे लागते, आणि ते योग्यच आहे.

मोबाइलची गोष्ट निराळी

संगणकावरून फोनवर एक्स्टेन्शन्स येतील, ही अपेक्षा बहुतेक ठिकाणी फोल ठरते. अँड्रॉइडवरचा क्रोम एक्स्टेन्शन्स चालवतच नाही. अँड्रॉइडसाठीचा फायरफॉक्स ऑगस्ट २०२० मध्ये नव्याने बांधला गेला, तेव्हा त्यात निवडक एक्स्टेन्शन्सच चालत. डिसेंबर २०२३ मध्ये ते दार उघडले आणि साडेचारशेहून अधिक एक्स्टेन्शन्स उपलब्ध झाली. तरी संगणकावरची यादी फोनवर येत नाही. नोंदीत ऍप्लिकेशनची खूण असते ती याचसाठी: एकासाठीचे दुसऱ्यावर चालेलच, याची खात्री नाही. आयफोनवर सफारीला एक्स्टेन्शन्स मिळाली ती २०२१ च्या आयओएस १५ पासून, आणि पुढच्याच वर्षी मॅक, आयपॅड व आयफोन यांच्यात ती एकत्र ठेवण्याची सोय आली. तिथे एक्स्टेन्शन हे ऍप स्टोअरवरच्या ऍपचा भाग असते.

एका ब्राउझरमधून दुसऱ्यात जाणेही असेच मर्यादित. फायरफॉक्सने ऑक्टोबर २०२३ च्या ११९ व्या आवृत्तीत क्रोमकडून काही एक्स्टेन्शन्स आयात करण्याची सोय दिली. त्यात क्रोममधल्या एक्स्टेन्शनचा फायरफॉक्समधला जुळा शोधून तो बसवला जातो. सेटिंग्ज येत नाहीत.

क्रोमियम या मुक्त आज्ञावलीवर उभे असलेले ब्राउझर आतून सारखे असले, तरी त्यांचे सिंक एक नाही. गूगलने जानेवारी २०२१ मध्ये जाहीर केले, की क्रोमची सिंक सेवा १५ मार्चपासून फक्त क्रोमलाच वापरता येईल. लिनक्सच्या वितरणांतून मिळणारा क्रोमियम वापरणाऱ्यांचे सिंक त्यामुळे थांबले. एज, ब्रेव्ह, विवाल्डी यांचे आपापले सर्व्हर आहेत. ब्रेव्हमध्ये तर अकाउंटच लागत नाही. शब्दांची एक लांब मालिका हीच तिथे किल्ली असते.

यादी कोणाला वाचता येते

एक्स्टेन्शन्सची यादी निरुपद्रवी वाटते, पण ती माणसाविषयी बरेच सांगते: बँक कोणती, काम कोणते, आजार कोणता. फायरफॉक्स ही माहिती संगणकावरच कूटबद्ध करून मग पाठवतो, आणि किल्ली पासवर्डपासून संगणकावरच तयार होते. मोझिलाच्या सर्व्हरला ती कळत नाही. त्याची किंमतही आहे. पासवर्ड विसरला आणि नवा घेतला, तर सर्व्हरवरची जुनी माहिती उघडता येत नाही. रिकव्हरी की आधी करून ठेवली असेल तरच ती परत मिळते. क्रोममध्ये वेगळा पासफ्रेज ठरवला, तर गूगललाही सिंकचा मजकूर वाचता येत नाही.

ऑफिसच्या संगणकावर खासगी अकाउंटने सिंक चालू करणे हा सर्वात मोठा धोका. ओक्टा या ओळख-सुरक्षेच्या कंपनीने नोव्हेंबर २०२३ मध्ये स्वतःच जाहीर केले, की एका कर्मचाऱ्याने कंपनीच्या लॅपटॉपवरील क्रोममध्ये खासगी गूगल प्रोफाइल उघडले होते आणि कंपनीच्या एका अंतर्गत खात्याचा पासवर्ड त्या खासगी अकाउंटमध्ये जतन झाला होता. घुसखोरीचा मार्ग तिथून गेला असण्याची शक्यता कंपनीने मांडली. ते प्रकरण पासवर्डचे होते, पण एक्स्टेन्शन्सही त्याच नळातून वाहतात. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या कंपनीच्या क्रोम एक्स्टेन्शनची आवृत्ती हल्लेखोरांनी फसव्या ई-मेलने परवानगी मिळवून बदलली. असे बिघडलेले एक्स्टेन्शन सिंकच्या यादीत असेल, तर ते एका संगणकापुरते राहत नाही. म्हणूनच अनेक संस्था धोरण लावून सिंक किंवा त्यातला एक्स्टेन्शन्सचा भाग बंद करतात. घरच्या आणि कामाच्या ब्राउझरसाठी दोन प्रोफाइल ठेवणे हा सामान्य वापरणाऱ्याला जमण्यासारखा चांगला उपाय आहे.

जुना संगणक विकण्यापूर्वी किंवा फॉरमॅट करण्यापूर्वी प्रत्येक महत्त्वाच्या एक्स्टेन्शनचे सेटिंगचे पान उघडावे, निर्यात किंवा बॅकअपचे बटण शोधावे आणि निघालेली फाइल दुसरीकडे जपून ठेवावी. हे काम जुना संगणक चालू असतानाच करावे लागते. स्थानिक कप्प्यातला साठा एकदा पुसला गेला, की तो परत आणून देणे ब्राउझरच्या सिंकला शक्य नसते, कारण तो त्याच्याकडे कधी पोचलेलाच नसतो.